पासष्ट हजारांचा पत्र्याचा डबा आणि दीडशेची रोवळी

सुरंगी (वेंगुर्ले)

टिफनी ही न्यूयॉर्कची दागिन्यांची पेढी, १८३७ पासूनची. २०१७ च्या नोव्हेंबरात या पेढीने रोजच्या वापरातल्या वस्तूंची एक मालिका काढली. तीत एक डबा होता. दिसायला थेट आपला रिकामा पत्र्याचा डबा, झाकण कापलेला, अंगावर वळ्या असलेला. पण पत्रा नव्हे, चांदी. किंमत १,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण ६५ हजार रुपये. लोकरीच्या गुंड्यासारखा चांदीचा गुंडा होता ९,००० डॉलरचा. तो पावणेसहा लाखांच्या घरात गेला.

त्याच वर्षी बालेन्सियागा या फॅशन कंपनीने २,१४५ डॉलरची निळी चामड्याची पिशवी आणली. आयकियाच्या दुकानात ९९ सेंटला मिळणारी निळी प्लास्टिकची पिशवी शेजारी ठेवली तर लांबून फरक कळत नव्हता. २०२२ मध्ये त्यांनीच कचऱ्याच्या पिशवीसारखी दिसणारी चामड्याची पिशवी काढली, १,७९० डॉलर.

ज्याच्याकडे पैसा आहे त्याने तो कुठे घालवावा हे मी सांगणार नाही. मला वेगळंच बोलायचं आहे. या सगळ्या वस्तू साध्या माणसाच्या घरातून उचललेल्या आहेत. डबा, दोरी, पिशवी, बाज, टोपली. रूप साध्या घरातलं आणि किंमत राजवाड्यातली. त्याच वेळी ती वस्तू खरोखर हाताने घडवणारा माणूस आपल्या बाजारात उकिडवा बसलेला असतो आणि त्याच्याशी आपण वीस रुपयांसाठी हुज्जत घालतो.

रोवळी घ्या. तांदूळ धुवायची आपली साधी बांबूची रोवळी. माणग्याची काठी चिरून कामट्या काढायच्या, साल आणि गाभा वेगळा करायचा, साल तासून इतकी पातळ करायची की बोटाभोवती गुंडाळली तरी मोडता कामा नये. बूड चौकोनी विणायचं आणि भिंत वर चढवताना तोंडाशी ती गोल आणायची. बुडाची फट अशी की पाणी झरकन निघून जाईल आणि कणीसुद्धा आत राहील. हे माप कुठे लिहिलेलं नसतं, ते विणणाऱ्याच्या बोटांत असतं. शेवटी काठ. काठ सैल बसला की रोवळी वर्षभरात उसवते, घट्ट बसला की सुनेच्या हातात जाते.

आमच्या बाजारात ती दीडशेला मिळते. बाकीची कामं सांभाळून एक माणूस दिवसाला दोन काढतो. झाले ३०० रुपये, त्यातून काठीचे पैसे जायचे. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे खड्डा खणणाऱ्याला जे मिळतं तेवढंही या हाताला सुटत नाही. आणि गिऱ्हाईक म्हणतं, शंभरला दे, दोन घेते.

तुम्ही पाहिलेल्या अशा महागड्या वस्तूंबद्दल लिहा. आणि तिथे पैसे नेमके कशाचे घेतात असं तुम्हाला वाटतं, तेही लिहा.

---

खाडीकाठचो

सुरंगीताई, माका बाजेचा सांगूचा असा. काथ्याची बाज आमच्या पडवेत असायची, म्हातारी माणसां तिच्यारच निजत. २०२० साली न्यूझीलंडच्या एका दुकानान तसलीच बाज ८०० न्यूझीलंड डॉलराक लावल्यान. आपले चाळीस हजार.

सगळ्यांका समजाक होया म्हणून पुढचा मराठीत लिवतंय.

त्या जाहिरातीत ‘जुनी भारतीय बाज, एकमेव नग’ असं म्हटलं होतं. लाकडाची चौकट आणि दोरीचं विणकाम, बाकी काही नाही. पण त्या दोरीमागे काय असतं ते मला माहीत आहे, कारण आमच्या घरी काथ्या होत असे. ओल्या नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड साल, खाडीच्या खाऱ्या पाण्यात, चिखलात दाबून कुजत ठेवायची. सहा ते दहा महिने. भरतीबरोबर ती वाहून जाऊ नयेत म्हणून वर झावळ्या आणि धोंडे. बाहेर काढली की जो वास सुटतो तो आठ दिवस अंगातून जात नाही. मग बायका दगडावर सोडण ठेवून लाकडी बडवण्याने बडवत. कुजलेला मऊ भाग झडून गेला की सोनेरी धागा हाताला लागतो. तो धुवायचा, वाळवायचा, पिंजायचा आणि मग तळहातावर वळून सुंभ करायचं. वळताना धाग्याचं टोक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे कळता कामा नये.

माझ्या आजीचे तळवे उन्हात धरले तर चकाकायचे, इतके गुळगुळीत झालेले. रेघाच राहिल्या नव्हत्या.

चाळीस हजारांची बाज विकली गेली की नाही मला ठाऊक नाही. पण खाडीतल्या त्या दहा महिन्यांची किंमत कुणी करायची ठरवली तर चाळीस हजारांनी मला मुळीच धक्का बसणार नाही. धक्का एवढाच, की ती किंमत तिकडच्या दुकानाने लावली.

---

चाकरमानी_गिरगाव

गाव आडिवरे, नोकरी मुंबईत, चामड्याच्या वस्तूंच्या निर्यातीत बरीच वर्षं. त्यामुळे दुसरी बाजू थोडी मांडतो.

अशा वस्तूंचा धंदा त्या वस्तूंवर चालत नाही. चांदीचा डबा किती जण घेणार? पण त्या डब्याची बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून येते आणि पेढीचं नाव फुकटात घरोघरी पोचतं. मग दुकानात येणारा माणूस डबा बघतो आणि छोटी अंगठी नाहीतर किल्लीची साखळी घेऊन जातो. निळ्या पिशवीचंही तेच. ती गाजली तेव्हा आयकियाने लगेच जाहिरात करून टाकली की खरी पिशवी ओळखायची असेल तर हलवून बघा, सळसळली तर आमची. दोन्ही कंपन्यांचा फायदा झाला.

दुसरं म्हणजे पैसे कशाचे. कातडं उत्तम असतं, शिलाई उत्तम असते, हे मी हातात घेऊन पाहिलेलं आहे. एका इंचात किती टाके, कडेला रंगाचे किती हात, कड किती वेळा घासायची, हे सगळं ठरलेलं असतं. पण त्या कामाचा खर्च शेवटच्या किमतीच्या मानाने थोडा. बाकी भाडं, जाहिरात, नफा आणि नाव. नाव राखण्यासाठी या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पैसा ओतलेला असतो आणि तो ते वसूल करतात.

माझं म्हणणं एवढंच की त्यांनी ६५ हजार घेतले म्हणून आपल्या रोवळीवाल्याचे दीडशे होत नाहीत. ती दोन दुखणी वेगळी आहेत.

---

हर्णैकर

दुखणी वेगळी नाहीत. एकाच अंगाची आहेत.

भिंतीला चिकटपट्टीने चिकटवलेलं केळं आठवतं का? इटलीच्या मॉरिझियो कॅटेलानची कलाकृती. २०१९ मध्ये मायामीच्या कलामेळ्यात १,२०,००० डॉलरला गेली. २०२४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात तिचे ६२ लाख डॉलर आले, बावन्न कोटींच्या आसपास. घेणाऱ्याने नंतर ते केळं पत्रकारांसमोर खाल्लं. लिलावाच्या दिवसाचं केळं जवळच्याच फळाच्या गाडीवरून ३५ सेंटला आणलं होतं. गाडीवर बांगलादेशातून आलेला सत्तरी ओलांडलेला माणूस उभा होता, ताशी १२ डॉलर पगारावर. बातमीदाराने त्याला लिलावाची किंमत सांगितली तेव्हा तो रडला.

मी मच्छीच्या धंद्यातला माणूस आहे. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव उभा राहतो तेव्हा पापलेटची टोपली कितीला उठली आणि ताटात कितीला वाढली, यातलं अंतर मी रोज बघतो. होडीतला माणूस सगळ्यात कमी घेतो आणि सगळ्यात जास्त जोखीम त्याची. केळ्याच्या गोष्टीत मला तेच दिसतं. वस्तू जितके हात बदलते तितका पैसा वरच्या हाताला चिकटतो.

---

गुरुजी_रत्नांग्री

चर्चेचा हा धागा उत्तम आहे. इतिहासातून थोडी भर घालतो.

अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये नेमका चमच्याचाच दाखला दिला होता. हाताने घडवलेला चांदीचा चमचा दहा ते वीस डॉलरचा, यंत्रावर केलेला अॅल्युमिनियमचा चमचा दहा ते वीस सेंटचा. तोंडात घास घालायचं काम दोन्ही सारखंच करतात. मग फरकाचे पैसे कशाचे? त्यांचं उत्तर असं की पुष्कळदा आपण ज्याला सौंदर्य म्हणतो त्यात महागपणाच मिसळलेला असतो. वस्तू महाग आहे हे कळलं की डोळा तिला सुंदर म्हणू लागतो.

गंमत पुढे आहे. हेच अॅल्युमिनियम त्याच्या चाळीस-पन्नास वर्षं आधी राजांचा धातू होतं. खनिजातून ते मोकळं करणं इतकं अवघड होतं की फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनच्या मेजवानीत खास पाहुण्यांना अॅल्युमिनियमचे काटे-चमचे मांडत आणि बाकीच्यांना सोन्याचे, असं सांगतात. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या टोकावर अॅल्युमिनियमचा कळस बसवला तो मानाचा धातू म्हणूनच. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, विजेच्या साह्याने हा धातू काढायची रीत शोधली. त्यानंतर भाव कोसळला तो कोसळलाच. आज आपल्याकडे जर्मलचं पातेलं म्हणजे घरातलं सगळ्यात साधं भांडं. पेज त्यातच शिजते.

म्हणून मला वाटतं, नुसत्या दुर्मीळपणाचे दिलेले पैसे टिकत नाहीत. खाडीकाठच्या आजींच्या तळहाताची मात्र स्वस्तात करायची रीत अजून कुणाला सापडलेली नाही.

---

शेवग्याची_शेंग

वाचतेय. गुरुजी, फार छान.

करवंटीचं राहिलं. २०१८ च्या जानेवारीत अॅमेझॉनवर अर्धी करवंटी ‘नैसर्गिक कप’ म्हणून हजार रुपयांच्या वर किमतीला लावली होती, समाजमाध्यमांवर खूप फिरली होती ती. आमच्याकडे करवंटीचा डवला अजून वापरात आहे. करवंटी काचेने खरवडून आतून-बाहेरून गुळगुळीत करायची, दोन भोकं पाडून बांबूची काठी आरपार घालायची. सोलकढी वाढायला याच्यासारखं दुसरं काही नाही. तिला धातू लागत नाही, आंबट लागलं तरी चव बदलत नाही.

---

रंगपेटी (सावंतवाडी)

गेले दोन दिवस वाचत होते, आता लिहायलाच हवं. मी गंजिफा रंगवते. शिकले ते सावंतवाडीतच.

इथे बऱ्याच जणांचा सूर असा आहे की साध्या वस्तूची भारी आवृत्ती करणं मुळातच चुकीचं. मला ते पटत नाही. गंजिफा काय आहे? खेळायचे पत्ते. घरातली अगदी साधी वस्तू. आणि तिच्या दोन आवृत्त्या शेकडो वर्षं शेजारी शेजारी नांदल्या. दरबार कलम म्हणजे राजेरजवाड्यांचे पत्ते, हस्तिदंताचे, कासवाच्या पाठीचे, त्यावर सोन्याचं काम. बाजार कलम म्हणजे लोकांचे, लाकडाचे नाहीतर कागद-कापडाचे. म्हणजे पासष्ट हजारांचा डबा आपल्याकडेही होताच. फक्त दरबारी संच बघितला तर त्यातला प्रत्येक पत्ता कुणीतरी डोळे फोडून रंगवलेला असतो. पैसा कुठे गेला ते पत्त्यावर दिसतं.

आमचं काम कसं चालतं ते सांगते. दशावतारी संचात १२० पत्ते असतात. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत. पत्ता गोल. जुनी रीत म्हणजे कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वाळवायचे, घोटायचे. त्यावर रंगाचा तळ, तळावर चित्र, वर लाखेचा हात. मत्स्यावताराच्या प्रत्येक पत्त्यावर मासे काढायचे. दश्शावर दहा मासे, दहाही सारख्या अंगाचे, दहाही जिवंत वाटले पाहिजेत. माशाचा डोळा म्हणजे एक ठिपका. कुंचल्याच्या टोकावर जरा जास्त रंग आला की ठिपका पसरतो आणि मासा मेलेला दिसतो. मग तो पत्ता पुसून पुन्हा. एक पत्ता बिघडला तर संच अपुरा, त्याला किंमत नाही.

अशा संचाला काही हजार रुपये पडतात. समोर उभा राहून माणूस मला म्हणतो, पत्त्यांचे एवढे? स्टेशनवर शंभराला मिळतात. त्याच माणसाच्या मनगटावर लाखाचं घड्याळ असतं. तेव्हा मला वाईट वाटतं. घड्याळाचं नाही वाटत. त्याला घड्याळातलं काम दिसतं आणि पत्त्यातलं दिसत नाही, याचं वाटतं.

ही कला एका टप्प्यावर जवळजवळ संपली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी म्हाताऱ्या चिताऱ्याकडून ती शिकून घेतली, राजवाड्यात कारागीर बसवले, म्हणून आज माझ्या हातात कुंचला आहे. पांगाऱ्याच्या लाकडाची रंगीत फळं, खेळणी, पाट, चितार आळीतलं सगळं काम तसंच. तिथे कुणी मोठं गिऱ्हाईक पाठीशी उभं राहिलं नसतं तर सगळं गेलं असतं. म्हणून मला महाग वस्तूची भीती वाटत नाही. श्रीमंत माणसाने साध्या वस्तूवर भरपूर खर्च करावा असंच मला वाटतं. फक्त तो खर्च मनगटापर्यंत पोचावा.

---

सुरंगी

रंगपेटी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मला विचाराल तर धाग्याचा खरा प्रश्न तुम्ही मांडलात. किंमत किती याच्यापेक्षा ती कुणापर्यंत पोचते हे बघायला हवं.

मत्स्यावताराचा दश्शा डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

---

हर्णैकर

मग कोल्हापुरीचं काय म्हणाल? जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या कपड्यांच्या कार्यक्रमात आपल्या चपला फिरल्या. नाव नाही, गाव नाही, ‘चामड्याचे सँडल’ एवढंच. किंमत लाखाच्या वर असल्याचं पेपरात आलं. आपल्याकडच्या माणसाला एका जोडाचे हजार-बाराशे मिळताना मारामार.

---

चाकरमानी_गिरगाव

हर्णैकर, त्याची पुढची गोष्टही सांगायला हवी. आरडाओरडा झाल्यावर प्राडाने महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेला लिहून कळवलं की प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलांचीच आहे. त्यांची माणसं कोल्हापूरला येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबर २०२५ मध्ये आपलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकचं लिडकर यांच्याबरोबर करार झाला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून २,००० जोड, साधारण ८०० युरोंना एक. म्हणजे ८०-८५ हजार रुपये.

भौगोलिक मानांकन कोल्हापुरीला २०१९ मध्ये मिळालं होतं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. पण ते मानांकन नावाला कवच देतं. दुसऱ्याने तसलीच चप्पल केली आणि ‘कोल्हापुरी’ म्हटलं नाही, तर कायद्याने त्याला अडवणं फार कठीण. नाव न घेता चप्पल फिरवली ती याच फटीतून. लोकांनी आवाज उठवला म्हणून करार झाला, कायद्याने झाला नाही. हापूसवाल्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. आपलं मानांकन २०१८ चं आहे आणि बाहेरचा आंबा हापूस म्हणून विकणाऱ्यावर त्याच्या आधारे कारवाई करता येते. पण आपल्या रोवळीचा आकार कुणी इटलीत नेऊन विकला तर आपल्या हातात काहीच नाही.

---

हर्णैकर

माहितीबद्दल आभार. त्या ८०० युरोंतले कारागिराच्या हातावर किती पडणार, हे कळेपर्यंत मी करारावर खूश होणार नाही.

---

रंगपेटी

अनुमोदन. आणि चपलेच्या तळाशी करणाऱ्याचं नाव असेल का, हेही बघायचं. आम्ही संचाच्या डबीवर सही करतो.

---

माजघर (गुहागर)

आमचं घरगुती निवास आहे, त्यामुळे या विषयाशी रोजचा संबंध येतो. दोन गोष्टी लिहिते. एक आनंदाची, एक संतापाची.

आनंदाची आधी. बिडाचा तवा. ल क्रूझे नावाची फ्रेंच कंपनी १९२५ पासून बिडाची भांडी करते, वर काचेसारखा रंगीत मुलामा. आपल्याकडे त्यांचं एक मोठं झाकणाचं भांडं वीस हजारांच्या पुढे जातं. एका पाहुण्यांनी आमच्या चुलीवरचा तवा बघून मला ही माहिती दिली आणि माझे घावणे खाऊन तवाच विकत मागितला. मी दिला नाही, तो सासूबाईंचा. पण बाजारातून नवा आणून, कसून, त्यांना दिला आणि कसण्याचे पैसे वेगळे घेतले. त्यांनी एक शब्द न बोलता दिले, कारण मी त्यांना आधी सगळं करून दाखवलं होतं.

नवा तवा राखेने घासून धुवायचा. तांदळाच्या धुवणात किंवा पेजेत बुडवून ठेवायचा, रोज धुवण बदलायचं. पहिल्या दिवशी पाणी काळं येतं, पुढे निवळत जातं. मग पुसून कोरडा करून मंद आचेवर ठेवायचा, अर्धा कांदा सुरीला टोचून तेलात बुडवायचा आणि तव्यावर गोल गोल फिरवत राहायचं. कांदा करपला की दुसरा. असं काही दिवस. पहिले घावणे चिकटतात, ते चिकटू द्यायचे, ओढाताण करायची नाही. एके दिवशी कड आपोआप सुटते, जाळी पडते आणि घावन उचलून हातात येतो. तिथून पुढे तवा पन्नास वर्षं बघायला नको. साबण मात्र लावायचा नाही.

आता संतापाची. जुनी घरं मोडतात तेव्हा शिसवी-सागवानी खांब, कोरीव दारं, पितळी कड्यांचे झोपाळे बाहेर पडतात. आमच्याच वाडीत एका घराचे खांब जळाऊ लाकडाच्या भावाच्या जरा वर उचलले गेले. घरमालकीण एकटी, मुलगे बाहेर, कौलं गळत होती, तिला पत्र्यासाठी पैसे हवे होते. तेच खांब पुढे समुद्राकाठच्या एका मोठ्या बंगल्यात लागले आणि व्यापाऱ्याने त्यांचे किती घेतले ते मला तिथल्या गवंड्याकडून कळलं. आकडा इथे लिहीत नाही, पण त्या पैशांत तिचं अख्खं घर नव्याने शाकारून झालं असतं. हीच गत तांब्याच्या बंबांची. पाणी तापवायचा बंब भंगारात किलोवर जातो आणि शहरात घासूनपुसून कोपऱ्यात दिवा लावायला हजारोंना विकला जातो.

घरातली जुनी वस्तू काढायची वेळ आली तर आधी दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. घाईत असलेल्या म्हातारीला कुणी विचारू देत नाही. शेजाऱ्यांनी तेवढं तिच्यासाठी करावं.

---

गुरुजी_रत्नांग्री

माजघरताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. दर विचारायला कुणी सोबत असणं, यावरच पुष्कळ काही अवलंबून असतं.

---

खाडीकाठचो

खांबांचा वाचून वायट वाटला. आमच्याकडेय तसाच झाला.

---

पुणेकरीण_माहेर_मालवण

सगळं वाचलं, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. मला रोवळ्या हव्यात, एक घरासाठी आणि चार-पाच भेट द्यायला. ऑनलाइन बघितल्या तर ‘हस्तनिर्मित’ म्हणून सहाशे-सातशेला आहेत आणि कुठे बनल्या ते लिहिलेलं नाही. सुरंगीताई, तुमच्या ओळखीच्या विणणाऱ्याला थेट पैसे देता येतील का? आणि योग्य भाव काय धरू? दीडशे देताना आता संकोच वाटतो.

---

सुरंगी

काल बाजारात जाऊन त्यांच्याशीच बोलले. भाव त्यांनाच ठरवायला सांगितला. आधी नेहमीचाच आकडा म्हणाले. मग शेजारी बसून हिशेब मांडला, काठी किती, चिरायला-तासायला किती वेळ, विणायला किती, बाजारापर्यंतचं एसटीचं भाडं. त्यांच्या बायकोने सांगितलं की काठ वेताने बांधला तर दुप्पट टिकते, पण वेत महाग म्हणून गिऱ्हाईक घेत नाही, त्यामुळे बांधायचंच सोडलं. शेवटी त्यांनी सांगितलेले भाव असे: साध्या काठाची अडीचशे, वेताच्या काठाची साडेतीनशे, शेरभर तांदळाची लहान दोनशे. घासाघीस नको, ही त्यांची अट. ती मी कबूल केली आहे आणि इथून जे मागवतील त्यांनीही ती पाळावी.

पैसे थेट त्यांच्या मुलीच्या खात्यावर जातील. क्रमांक इथे देत नाही, मला व्यक्तिगत निरोप करा. पाठवणीचा खर्च वेगळा.

---

पुणेकरीण_माहेर_मालवण

वेताच्या काठाच्या सहा. निरोप करते.

---

चाकरमानी_गिरगाव

माझ्या दोन, वेताच्याच. प्रत्येक रोवळीला एक छोटी चिठ्ठी बांधता येईल का, विणणाऱ्याचं नाव आणि गाव लिहिलेली? छपाईचा खर्च मी करतो. त्यांची संमती असेल तरच.

---

सुरंगी

विचारलं. नवऱ्याचं आणि बायकोचं, दोघांची नावं घालणार असाल तर चालेल, असं बायको म्हणाली. काठ तीच बांधते.

मागणी या महिन्यातच नोंदवा. पावसात कामट्या नीट वाळत नाहीत, ओल्या कामटीची रोवळी पार्सलात बुरसते, म्हणून मिरगानंतर ते बाहेरगावची मागणी घेत नाहीत. नवी रोवळी आली की एक दिवस पाण्यात भिजवून सावलीत सुकवा, मगच तांदूळ घाला.